सहा हजार आठशे डावांची लाल चिठ्ठी

एकतीस वर्षं मी बोल्ट तपासले. लोकांना त्याचं हसू येतं. "बोल्टमध्ये तपासायचं काय असतं?" असं कुणी विचारलं की मी सांगते, तुम्ही ज्या लिफ्टमधून वर आलात ना, ती बोल्टांवर लटकलेली आहे. मग ते जाताना जिन्याने जातात.

काम असं होतं. मशीनवरून माल खोक्यांत भरून यायचा, एका खेपेला लॉट म्हणायचे. प्रत्येक लॉटमधून मी ठरलेल्या संख्येने बोल्ट उचलायचे. वरचे बघून नाही, खालचे बघून नाही, हात जाईल तिथून. मापाचं गेज लावायचं, आटे बघायचे, आणि खोक्यावर चिठ्ठी लावायची. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे माल परत. लाल चिठ्ठीवर कारणाचा रकाना असायचा, तो आकड्यांत भरल्याशिवाय सही करायची नाही. कंपनीत मला नावाने कुणी ओळखायचं नाही, चिठ्ठीबाई म्हणायचे. एकदा ट्रक दारात उभा होता म्हणून मॅनेजरने लाल चिठ्ठी बदलायला सांगितली. मी म्हटलं, पॅड इथे आहे, पेन इथे आहे, सही तुमची करा. त्याने केली नाही. एकतीस वर्षांत मी एकही खोटी चिठ्ठी लिहिली नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं, म्हणून सांगते.

रिटायर झाले त्या दिवशी अर्धवट वापरलेली दोन पॅडं पिशवीत टाकून घरी आणली, एक हिरवं, एक लाल. सामानाच्या याद्या मी त्यांच्या पाठीवर करते.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला, केस गेले, तरी घरात बारक्याच. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, डोळे तपासतो, काचा कापतो, फ्रेममध्ये बसवतो. हात इतका हलका की चष्मा नाकावर ठेवला तरी कळत नाही. डोळ्यांचा कोर्स करण्याआधी एक वर्ष तो माझ्याच कंपनीत पॅकिंगला होता. माझ्या लाल चिठ्ठीचा सगळ्यात जास्त ताप पॅकिंगवाल्यांना व्हायचा, भरलेली खोकी पुन्हा रिकामी करायला लागायची. तेव्हा तो घरी येऊन माझ्याशी दोन दोन दिवस बोलायचा नाही.

चार वर्षांपासून तो मोबाइलवर पोकर खेळत होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की खेळायचा, मग गिऱ्हाईक असलं तरी खेळायला लागला. एकदा मी स्वतः पाहिलं, एक म्हातारे गृहस्थ अक्षरांच्या तक्त्यासमोर एक डोळा झाकून बसलेत, आणि हा काउंटरच्या आड मोबाइलमध्ये डोकं घालून त्यांना म्हणतोय, "हं, वाचा पुढे." ते बिचारे तीच ओळ तिसऱ्यांदा वाचत होते.

एका दुपारी तो माझ्याकडे आला. हातात दुकानाची ऑर्डरची वही.

"ताई, एक लॉट तपासून हवाय."

मला वाटलं चेष्टा करतोय. वही उघडली तर आत चष्म्यांचे नंबर नव्हते, पत्ते होते. बदाम राजा, इस्पिक नव्वी, चौकट एक्का, बारीक अक्षरात पानंच्या पानं. मला पोकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने समजावलं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये पाच उघडे पडतात, सातांतले पाच धरून ज्याचा डाव मोठा तो जिंकला. साइट प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते.

"आणि पिसतं कोण?"

"तेच तर, ताई. पिसणारा हातच नाही. कॉम्प्युटर वाटतो. आम्ही म्हणायचं, वाटलं असेल बरोबर." त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे सत्त्यांची. सगळं लावलं मी. शेवटच्या पत्त्याला त्याला तिसरी सत्ती. हे बघ, पुन्हा तेच. हे बघ. असं वहीभर आहे. माणूस इतका हरतो का?"

मी वही चाळली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही जिंकलेला डाव नव्हता.

"जिंकलेले कुठे आहेत?"

"ते कशाला लिहायचे?"

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, हे म्हणजे नापास मालाच्या खोक्यातून नमुना उचलायचा आणि म्हणायचं सगळी कंपनी खराब. पॅकिंगला एक वर्ष काय झोपा काढल्यास? सगळे डाव आण. हरलेले, जिंकलेले, सोडून दिलेले, सगळे."

चहा गार झाला होता, तोच प्यायला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू खरं सांगशील ना? बाकी कुणावर माझा विश्वास नाही. साइटवाल्यांना लिहिलं तर ते पत्ते सरळ असल्याचं सर्टिफिकेट पाठवतात. सोबत खेळणारे लोक हसतात. ताई, पैसे गेले ते गेले. मला फक्त एवढं कळू दे, मला फसवलं की मीच मूर्ख आहे."

मी त्याला लहानपणापासून ओळखते. पण असं विचारताना त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. "सांगेन," मी म्हटलं.

साइट मागच्या पाच महिन्यांचे डाव देत होती. ते त्याने उतरवून घेतले आणि छापून आणले, एका डावाला एक ओळ, एकशे सत्तर पानं, सहा हजार आठशे डाव. जेवणाच्या टेबलावर मी मोजायला बसले. खरं सांगायचं तर मला मजा आली. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी हाताला काम मिळालं होतं. सोपं होतं ते. दोन पत्ते मिळतात, त्यांची जोडी सतरा डावांतून एकदा यायला हवी. म्हणजे सहा हजार आठशेत चारशे जोड्या. एक्क्यांची जोडी दोनशे एकवीस डावांतून एकदा, म्हणजे एकतीसच्या आसपास. पहिल्या तीन पत्त्यांवर एकाच रंगाचे चार जमले तर पाचवा येण्याची वेळ तिनातून एकदा, किंचित वर. प्रत्येक गोष्टीची उभ्या रेघांची यादी मी सामानाच्या चिठ्ठ्यांवर केली. डोळे दुखायला लागायचे, रेघा दोन दोन दिसायच्या, मग थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघायचं.

एकोणीस दिवस लागले. जोड्या तीनशे एक्याण्णव. चारशेच्या जागी तीनशे एक्याण्णव म्हणजे काहीच फरक नाही, एवढं कुठल्याही चांगल्या लॉटमध्ये होतं. रंग जमण्याचं प्रमाणही जिथे हवं तिथे. एक्क्यांच्या जोड्या आल्या होत्या तेहेतीस. म्हणजे त्याला दोन जास्तच मिळाल्या होत्या. एक्के हातात असताना सगळं लावलेले डाव चौदा, त्यांतले अकरा तो जिंकला होता, तीन हरला होता. हे तीन त्याच्या वहीत मला पाच ठिकाणी सापडले. दोन त्याने विसरून पुन्हा लिहिले होते.

पत्ते सरळ होते. समोर बसलेली माणसं सरळ होती का, ते मला सांगता येणार नाही. दोघं संगनमत करून खेळत असतील, माणसाच्या जागी मशीन खेळत असेल, ते माझ्या गेजमध्ये बसत नाही. पण वाटप सरळ होतं. बाकीच्या ओळी वाचून मला हेही कळलं की बारक्या वाईट खेळत होता. फालतू पत्त्यांवर बसून राहायचा, हरला की पुढच्या डावाला दुप्पट लावायचा. साइटला त्याला फसवायची गरजच नव्हती. ती आपला वाटा कापत होती आणि तो आपणहून हरत होता.

मोजून झालं त्याच दुपारी भावजय आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, जेवणाच्या सुट्टीत आली होती, पिशवी खांद्यावरून उतरवलीसुद्धा नाही. एरवी मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, काहीतरी गंभीर आहे.

"वन्सं, मोजून झालं?"

"झालं."

"सरळ आहेत ना पत्ते?"

"तुला कसं कळलं?"

"कळायला काय लागतं? चार वर्षं बघतेय त्यांना हरताना. त्यात पत्त्यांचा काही दोष नाही." ती खुर्चीच्या टोकाला बसली. "तुम्ही त्यांना सांगा, वाकडे आहेत."

मला राग आला. नाकावरच असतो माझा. "मी खोटं सांगू?"

"हो. सरळ आहेत म्हणालात तर ते म्हणतील, मग आज ना उद्या माझेही दिवस येतील. सोडणारच नाहीत. वाकडे आहेत म्हणालात तर सोडतील. माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत, तुमच्या चिठ्ठीचं ऐकतील." मग तिने खालच्या आवाजात सांगितलं. तिच्या मालकांचं दुसऱ्या गावातही दुकान आहे. तिथे तिला वरच्या हुद्द्याची मोठी जागा देऊ केली होती, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "ते थांबले तर मी नाही म्हणेन. नाही थांबले तर लेकीला घेऊन जाईन. भांडून नाही. मला आता भांडायचंही त्राण नाही. चौदा वर्षांची पोर बापाला विचारते, आज काउंटरवर मी बसू का, तुम्ही खेळा."

तरी मी तिला हो म्हटलं नाही. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "एक चिठ्ठी, वन्सं. एवढ्या वर्षांत एक." तिचं बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं. आजही ती चूक होती असं मी म्हणत नाही. चूक माझी होती, कारण लाल चिठ्ठी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, मला होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. दुकान बंद करून आला होता. मी पॅड पुढे ओढलं, लाल. लॉट: डाव सहा हजार आठशे. कारणाचा रकाना आला. तिथे पेन थांबलं. आकडा लिहायलाच हवा होता, आकड्याशिवाय त्याने मानलं नसतं. मी लिहिलं: एक्क्यांच्या जोड्या, अपेक्षित ३१, मिळाल्या १९. खाली सही केली. एवढ्या वर्षांची सवय, हात आपला चालतो.

त्याने चिठ्ठी हातात धरली आणि बराच वेळ वाचली. मग रडला. आई गेली तेव्हा रडला नव्हता एवढा रडला. "म्हणजे मी वेडा नव्हतो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला बरं वाटलं, हे कबूल करते. चांगलंच बरं वाटलं. त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर खातं बंद कर. त्याने केलं. साइटने विचारलं, सगळी माहिती कायमची पुसली जाईल, चालेल का? मीच म्हटलं, चालेल. ती एकशे सत्तर पानं आणि माझ्या रेघांच्या याद्या मी त्याच आठवड्यात रद्दीत दिल्या. डोळ्यांसमोर नको होत्या.

तीन महिने सगळं छान चाललं. भावजयीने त्या जागेला नाही म्हणून कळवलं. बारक्या वेळेवर दुकान उघडायला लागला. काच कापायचं मशीन धूळ खात पडलं होतं, ते त्याने पुसून चालू केलं, बाहेरून काचा कापून आणणं बंद झालं. गिऱ्हाइकांशी हसून बोलायला लागला. फक्त एक गोष्ट मला खुपायची. त्याने ती लाल चिठ्ठी फ्रेम करून दुकानात लावली होती, त्याच्या डोळ्यांच्या कोर्सच्या सर्टिफिकेटशेजारी. कुणी विचारलं की सांगायचा, "माझ्या बहिणीने पकडलं त्यांना. तिची नजर म्हणजे नजर." मी म्हटलं काढ ते. तो म्हणाला, असू दे, तायडे. लाडात आला की तायडे म्हणतो. मी जास्त ओढून धरलं नाही.

मग एका सकाळी तो आला. बगलेत कागदांचा गठ्ठा.

"ताई, दुसरा लॉट आणलाय."

मी गठ्ठ्याकडे बघितलं. "कसला लॉट?"

"दुसऱ्या साइटचा. घाबरू नकोस, खेळलो नाहीये. म्हणजे खेळलो, पण अगदी कमीत कमी लावून, फक्त नमुना गोळा करायला. दीड महिना. सगळे डाव आहेत, हरलेले, जिंकलेले, सोडलेले. तू शिकवलंस तसं." त्याचा चेहरा स्वच्छ होता, पोराने पाढा न चुकता म्हणून दाखवावा तसा. "तीन हजार चारशे."

"तू सोडलं होतंस ना?"

"ती साइट सोडली. ती वाकडी होती." तो माझ्याकडे बघून हसला. "अगं, लाल चिठ्ठी लागली म्हणून काय कंपनी बंद पडायची? माल परत जायचा, दुसरा लॉट यायचा. आम्हीच तर भरायचो पुन्हा."

बरोबर होतं त्याचं. लाल चिठ्ठीचा अर्थ थांबा असा कधीच नव्हता. एकतीस वर्षं मी लाल चिठ्ठी लावली आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी नवी खोकी आली. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी एवढी शहाणी, आणि मला वाटलं की तो कागद बघून माणूस घरी बसेल.

तो पुढे बोलतच होता. मी चांगलाच खेळत होतो, ताई, फक्त पत्ते खोटे होते, हे आता सिद्ध झालंय. खऱ्या पत्त्यांवर चार वर्षांचं भरून निघेल. काच कापायच्या मशीनला गिऱ्हाईक आलंय, गुरुवारी येऊन नेतो म्हणाला, त्यातून सुरुवात करीन. "फक्त तुझी हिरवी चिठ्ठी मिळाली की झालं. तुझ्या चिठ्ठीशिवाय मी खेळायला बसणार नाही, ही शपथ."

"बायकोला सांगितलंस?"

"चिठ्ठी आली की सांगेन."

पंच्याऐंशी पानं. मी मोजली, कारण दुसरं काय करावं ते कळेना. आकडे नीट दिसत नव्हते, तिनाचा आठ व्हायचा, पुन्हा मोजायचे. जोड्या दोनशे चार, हव्या होत्या दोनशे. त्यांतल्या एक्क्यांच्या सोळा, हव्या होत्या पंधरा. पत्ते तिथलेही सरळ होते. आणि खेळ तोच होता, थोड्यात लावलेला. फालतू पत्त्यांवर बसणं, हरलं की दुप्पट.

मी विचार केला. पुन्हा लाल लिहावी तर तो तिसरा लॉट आणेल, मग चौथा. हिरवी लिहावी तर गुरुवारी मशीन जाईल. बुधवारी मी दुकानात गेले, खरं सांगायला.

गिऱ्हाईक नव्हतं. त्याला वाटलं डोळ्यांसाठी आले, फोनवर मी तक्रार केली होती. "बस," म्हणाला, आणि मला खुर्चीत बसवून ती जड लोखंडी फ्रेम नाकावर ठेवली. डावा डोळा झाकला. समोर तक्ता, तक्त्याच्या वर ती चिठ्ठी, दोन्ही धुरकट. त्याने एक काच घातली. "हे बरं, की हे?"

"दुसरं."

"आता? हे, की हे?"

"कळत नाही. सारखंच वाटतं."

"नीट बघ आणि खरं सांग," तो म्हणाला. सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतो तेच. "तू सांगशील त्यावरच मी काच करणार. इथे चुकीचं सांगितलंस तर पुढे सगळं वाकडं दिसेल."

मी फ्रेम तशीच नाकावर असताना बोलले. "बारक्या, ती लाल चिठ्ठी खोटी आहे. एक्के एकोणीस नव्हते. तेहेतीस होते. तुला दोन जास्त मिळाले होते. पत्ते सरळ होते."

त्याच्या हातात काच होती, ती तो फडक्याने पुसत राहिला. एका डोळ्याने मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तिने सांगितलं ना तुला असं बोलायला?"

"नाही. तिने सांगितलं होतं खोटं लिही म्हणून. मी लिहिलं. हे आत्ताचं खरं आहे."

"मी आता बसू नये म्हणून बोलतेस तू."

"अरे, मी मोजले होते. एकोणीस दिवस."

"दाखव."

दाखवायला काय होतं? पानं रद्दीत, याद्या रद्दीत, खातं पुसलेलं, तेही मीच पुसायला लावलेलं. मी पर्समधून पॅड काढलं. "थांब. पहिल्या लॉटची हिरवी चिठ्ठी लिहून देते. सही करते."

"माल समोर नसताना चिठ्ठी लावत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "तूच म्हणायचीस. मॅनेजरचं ऐकलं नाहीस तू, ट्रक दारात उभा होता तरी. सगळ्या कंपनीला माहीत होतं ते. तू खोटी चिठ्ठी लिहिणार नाहीस, ताई." मग त्याचा आवाज बारीक झाला. "नाही ना लिहिणार? कारण तेहेतीस असतील तर मग ते सगळं मी केलं. चार वर्षं. पोरीला काउंटरवर बसवलं ते. ते मीच केलं मग."

हो म्हणायलाच आले होते, आणि नाकावरची फ्रेम सारखी करत बसले.

"आणि हे नवे?" त्याने विचारलं. "हे मोजलेस?"

मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण त्याच दिवशी, त्याच खुर्चीत आणखी एक खोटं बोलणं मला जमलं नाही. "पत्ते सरळ आहेत. तू वाईट खेळतोस. तिथेही हरशील."

"सरळ आहेत," तो म्हणाला. त्याने सुटकेचा श्वास सोडला.

"पुढचं ऐक ना रे."

"ऐकलं." त्याने पुसलेली काच फ्रेममध्ये सरकवली आणि माझा डावा डोळा उघडून उजवा झाकला. "हे बरं, की हे?"

गुरुवारी मशीन गेलं. भावजयीला मी घरी जाऊन सगळं सांगितलं, तेहेतीसही, एकोणीसही. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मीच लिहायला लावलं होतं तुम्हाला." ती मोठी जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला गेली होती. पहिल्या तारखेला ती लेकीला घेऊन आपल्या भावाकडे गेली, निघताना मला वन्सं म्हणाली. लेकीने मला मिठी मारली. बापाच्या दुकानाची जादा किल्ली तिच्याकडे होती, ती माझ्या हातात दिली.

माझ्या चष्म्याला आठ दिवस लागले, काचा आता बाहेरून कापून आणाव्या लागतात. बारक्याने स्वतः काड्या गरम करून माझ्या कानांच्या मापाने वाकवल्या आणि चष्मा नाकावर ठेवला, नेहमीसारखा, ठेवला ते कळलंसुद्धा नाही. काउंटरवर मोबाइल उलटा करून ठेवला होता. "टोचत नाही ना?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

नंबर त्याने अचूक काढलाय. आता दुकानाच्या दारात उभं राहूनही मला भिंतीवरच्या चिठ्ठीतला तो एकोणीस स्पष्ट वाचता येतो.